सिंगू मिन : युद्ध थांबविणारा, पण भय न थांबविणारा राजा

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ब्रह्मदेश आणि आपण यांचे नाते तसे जवळचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांना ज्यांनी धम्मदीक्षा दिली ते भदंत चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशातील आराकान प्रांताचे. त्याआधी दोन वर्षे, डिसेंबर १९५४ मध्ये, बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. सत्यनारायण गोएंका गुरुजींनी विपश्यना आणली तीही ब्रह्मदेशातूनच. मुंबईच्या गोराई येथील भव्य पॅगोडा ज्या धर्तीवर उभा आहे तो श्वेडगॉन पॅगोडा रंगूनचा. इतके असूनही त्या देशाचा इतिहास आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. फार तर रत्नागिरीला नजरकैदेत ठेवलेला थिबा राजा आपल्याला ठाऊक असतो.

आज आम्ही थिबाच्या शंभर वर्षे आधीच्या एका राजाविषयी बोलणार आहोत. त्याचे नाव सिंगू मिन. ब्रह्मी भाषेत 'मिन' म्हणजे राजा. तो १७७६ साली गादीवर आला आणि १७८२ साली मारला गेला. राज्य जेमतेम साडेपाच वर्षांचे. मृत्युसमयी त्याचे वय होते पंचवीस. एवढ्या अल्प कारकिर्दीच्या राजाने आपला वेळ का घ्यावा, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या राजाने एक फार मोठे काम केले आणि तेच काम त्याला स्वतःच्या घरात करता आले नाही. ही विसंगती समजून घेणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १७५२ साली मोक्सोबो नावाच्या गावाच्या मुखियाने एक नवे राजघराणे स्थापन केले. त्याने स्वतःला अलौंगपाया, म्हणजे भावी बुद्ध अर्थात बोधिसत्त्व, असे नाव घेतले. आठ वर्षांत त्याने सारा ब्रह्मदेश एका छत्राखाली आणला. १७६० साली सयामच्या स्वारीवरून परतताना तो वारला. मरताना त्याने अशी इच्छा सांगितली होती म्हणतात की, आपल्यानंतर आपल्या मुलांनी एकामागून एक राज्य करावे. बापाच्या दृष्टीने ही इच्छा प्रेमाची होती. पण राज्याच्या दृष्टीने ती एक पेटती वात ठरली. कारण भावाने भावानंतर यायचे ठरले, तर प्रत्येक राजाला वाटणार की माझ्या मुलाचे काय? आणि प्रत्येक भावाला वाटणार की माझी पाळी कधी?

अलौंगपायाचा थोरला मुलगा नौंगडॉजी. त्याला तीनच वर्षे राज्य मिळाले आणि ती सर्व बंडे मोडण्यात गेली. त्याच्यानंतर आला दुसरा मुलगा सिन्ब्यूशिन. या नावाचा अर्थ श्वेतगजाचा स्वामी. हा मोठा लढवय्या राजा. १७६७ साली त्याच्या सैन्याने सयामची राजधानी अयुथ्या घेतली व जाळली. त्याच सुमारास, १७६५ ते १७६९ या काळात, चीनच्या सम्राटाने ब्रह्मदेशावर चार स्वाऱ्या केल्या आणि चारही परतवल्या गेल्या. इतिहासाच्या पुस्तकात हे सारे विजय म्हणून लिहिले जाते. पण विजयाची किंमत कोण मोजतो? गावातला धडधाकट माणूस लढाईवर गेला की शेत ओसाड पडते. कालवा गाळाने भरतो. घरात कमावता हात राहत नाही. सतत पंधरा-वीस वर्षे हेच चालले होते.

या ठिकाणी एका माणसाचा उल्लेख केलाच पाहिजे. तो म्हणजे सेनापती महा तिहा तुरा. डिसेंबर १७६९ मध्ये चिनी सैन्य त्याच्या वेढ्यात सापडले होते. त्यांची कत्तल करणे शक्य होते. पण त्याने विचार केला की आज हे सैन्य कापले, तर उद्या चीन याहून मोठे सैन्य पाठवील आणि दोन्हीकडची माणसे मरत राहतील. म्हणून राजाची परवानगी न घेता त्याने कौंगटोन येथे तह केला आणि चिनी सैन्याला जाऊ दिले. राजा संतापला. परंतु पुढे चीनची स्वारी झाली नाही, हे सत्य आहे. आमच्या मते त्या सर्व युद्धांतील सर्वात शहाणपणाची कृती हीच होती.

सिन्ब्यूशिन मात्र थांबला नाही. शेवटची काही वर्षे तो आजारी होता, तरीही सयामवर पुन्हा सैन्य गेले. त्या सैन्याचा प्रमुख महा तिहा तुरा हाच होता. ही स्वारी चालू असतानाच १० जून १७७६ रोजी राजा वारला आणि त्याचा वीस वर्षांचा मुलगा सिंगू आवा येथे गादीवर बसला.

आता लक्षात घ्या, अलौंगपायाच्या इच्छेप्रमाणे गादी जायला हवी होती सिंगूच्या काकांकडे. ती गेली पुतण्याकडे. ती त्याला मिळाली याचे मुख्य कारण महा तिहा तुराचा पाठिंबा. सेनापतीची मुलगी सिंगूची राणी होती. म्हणजे सिंगू सासऱ्याच्या बळावर राजा झाला, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या मनात काकांचे भय होते.

या तरुण राजाने काय केले? त्याने युद्ध थांबविले. सयामवर गेलेले सैन्य परत बोलावले आणि बहुतेक सैनिकांना घरी पाठविले. बापाच्या काळात चियांग माईचा प्रदेश सयामकडे गेला होता. तो परत जिंकण्याचा नाद त्याने सोडून दिला. १७७८ साली लाओसमधील मांडलिक राज्ये सयामकडे वळली, तेव्हाही त्याने सैन्य पाठविले नाही. एकच युद्ध पुढे चालू राहिले, ते मणिपूरचे. तेथील पदच्युत राजा कछारच्या आश्रयाने पुन्हा पुन्हा येई आणि ब्रह्मी फौज त्याला मागे हटवी. त्या डोंगराळ मुलखात शत्रूइतकीच तापानेही माणसे मेली. हे युद्ध त्याला बापाकडून वारशाने आले होते आणि ते त्याला संपविता आले नाही.

पराक्रमाच्या पोवाड्यात अशा राजाला जागा मिळत नाही. जिंकलेला मुलूख सोडणारा राजा दुबळा, असेच दरबारी लोक म्हणतात. परंतु जो शिपाई जिवंत घरी आला, ज्या माऊलीला तिचा मुलगा परत मिळाला, तिच्या दृष्टीने हा राजा कोण होता? सम्राट अशोकाने कलिंगानंतर शस्त्र खाली ठेवले, पण तो विजयी होता. ज्याच्या हाताशी अर्धवट राहिलेली स्वारी आणि दुखावलेला दरबार आहे, अशा वीस वर्षांच्या मुलाने शस्त्र खाली ठेवणे हे कमी धैर्याचे नव्हे. याचे श्रेय सिंगूला दिले पाहिजे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

त्याच्या कारकिर्दीची दुसरी खूण म्हणजे श्वेडगॉन पॅगोड्यावरील महाघंटा. पाच धातूंची ही घंटा त्याने १७७८-७९ च्या सुमारास ओतविली. वजन सुमारे तेवीस टन, उंची सुमारे सात फूट. महागंध या नावाने ती ओळखली जाते आणि या नावाचा अर्थ गोड मोठा नाद असा सांगतात. तिच्या पितळी अंगावर दानाचा लेख कोरलेला आहे. ब्रह्मदेशात घंटा वाजविण्यामागे एक सुंदर कल्पना आहे. उपासक कुशल कर्म करतो, मग घंटेवर टोला देतो. आपल्या पुण्यात सर्व प्राण्यांनी वाटा घ्यावा, हा त्या टोल्याचा अर्थ. सिंगूने अशी घंटा दिली की जिचा नाद दूरवर जावा.

आणि आता दुसरी बाजू. ती सांगायला जड जाते, पण सांगितली पाहिजे.

हाच राजा आपल्या घरातील माणसांना मारत होता. गादीवर हक्क सांगू शकतील अशा जवळच्या नातलगांना त्याने ठार केले. त्यात अम्यिंटची जहागीर असलेला त्याचा सख्खा काका होता. उरलेल्या काकांना राजधानीपासून दूर, नजरेखाली ठेवले. ज्या सासऱ्याने त्याला गादीवर बसविले, त्या महा तिहा तुराचीही पदे काढून घेतली. शेवटी तर त्याने आपल्या एका आवडत्या राणीला पाण्यात बुडवून मारविले. तिचा पिता दरबारातील एक मंत्री होता. ही हकिकत कर्नल मायकेल साइम्स या ब्रिटिश वकिलाने आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. तो १७९५ साली कलकत्त्याहून ब्रह्मदेशाच्या दरबारी गेला होता.

पुढचे सारे फेब्रुवारी १७८२ च्या दहा दिवसांत घडले. राजाला तीर्थयात्रेचा छंद होता. ऐरावती नदीच्या एका बेटावर तिहाडॉ नावाचा पॅगोडा आहे, तेथे तो दर्शनाला गेला. त्याची ये-जा अवेळी असे. याचा फायदा घेऊन नौंगडॉजीचा मुलगा माँग माँग याच्या पक्षाच्या लोकांनी, राजाच परत आला आहे असे भासवून, रात्री राजवाड्याचे दार उघडून घेतले असे सांगतात. अठरा वर्षांचा हा मुलगा गादीवर बसला. तो आठवडाभरही टिकला नाही. सिंगूचा काका, म्हणजे अलौंगपायाचा हयात असलेला मुलगा, याने राजवाडा घेतला. इतिहासात तो बोदॉपाया या नावाने प्रसिद्ध आहे. माँग माँगला बुडवून मारण्यात आले.

इकडे सिंगूला त्याच्या माणसांनी सोडले. तो पळून जाऊ शकला असता. पण तो आवाला परत आला आणि राजवाड्याच्या दाराशी उभा राहून म्हणाला की, मी सिंगू, या वाड्याचा धनी. आत कोण उभा होता? ज्या राणीला त्याने बुडविले होते, तिचा पिता. त्या पित्याने तेथेच त्याच्यावर वार केला. त्यानंतर सिंगूच्या राण्या आणि मुले यांनाही जिवंत ठेवले गेले नाही. आणि ज्या महा तिहा तुराने एकेकाळी हजारो चिनी सैनिकांचे प्राण वाचविले, त्या वृद्ध सेनापतीलाही त्याच वर्षी नव्या राजाने कटाच्या आरोपावरून मारविले.

बंधूंनो आणि भगिनींनो, सिंगूने केलेल्या शांततेचे पुढे काय झाले ते पाहा. बोदॉपायाने १७८२ ते १८१९ असे सदतीस वर्षे राज्य केले. १७८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने आराकान जिंकले आणि तेथील पवित्र महामुनी बुद्धमूर्ती उचलून अमरपुरला नेली. १७८५ साली सयामवर पुन्हा प्रचंड सैन्य गेले आणि पराभूत होऊन परतले. मिंगुन येथे त्याने एक अवाढव्य पॅगोडा बांधायला घेतला. तो आजही अपुरा उभा आहे. आराकानातून हजारो लोक इंग्रजांच्या मुलखात, चितगावकडे पळाले. त्या सीमेवरचे तंटे वाढत जाऊन १८२४ साली इंग्रजांशी पहिले युद्ध झाले. त्यात ब्रह्मदेशाने आराकान, आसाम, मणिपूर गमावले आणि वर एक कोटी रुपये दंड दिला. म्हणजे सिंगूने सहा वर्षांत जे थांबविले होते, ते त्याच्यामागे दुप्पट जोमाने सुरू झाले.

असे का व्हावे? आमच्या मते याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण राजाच्या मनात आहे. पाली वाङ्मयात राजाची दहा कर्तव्ये सांगितली आहेत. दान, शील, त्याग, ऋजुता, मृदुता, तप, अक्रोध, अविहिंसा, क्षांती आणि अविरोध. सिंगूला या मापाने मोजून पाहा. दान होते, तेवीस टनांची घंटा त्याची साक्ष आहे. त्याग होता, जिंकलेला मुलूख त्याने सोडला. पण अक्रोध नव्हता, क्षांती नव्हती. सयामच्या माणसावर त्याने अविहिंसा केली आणि स्वतःच्या राणीवर केली नाही. आपल्याला असे वाटते की मोठ्या गोष्टीत धम्म पाळला म्हणजे लहान गोष्टींत माफी मिळते. तथागतांनी असा हिशेब कोठेही शिकविलेला नाही. सीमेवरची शांती ही घराच्या आतल्या क्रूरतेची भरपाई होऊ शकत नाही.

दुसरे कारण राज्यव्यवस्थेत आहे, आणि विद्यार्थी मित्रांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. सिंगूची शांतता ही एका माणसाची इच्छा होती. ती कोणत्याही सभेने ठरविलेली नव्हती, कोणत्याही नियमात बांधलेली नव्हती. राजा गेला, शांतता गेली. गादी कोणाला मिळावी याचाही सर्वमान्य नियम नव्हता. म्हणून प्रत्येक नातलग हा संभाव्य मारेकरी आणि प्रत्येक मारेकरी हा संभाव्य राजा. मगधाचा अजातशत्रू आठवा. त्याने बापाला मारले, त्याच्या मुलाने त्याला मारले, आणि महावंसात सांगितल्याप्रमाणे पितृघातकांचे ते घराणे अखेर लोकांनीच दूर केले. उलट तथागतांनी प्रशंसा कोणाची केली? वज्जींची. ते वारंवार एकत्र बसतात, एकमताने उठतात, ठरलेले नियम मोडत नाहीत, म्हणून त्यांची हानी होणार नाही, असे तथागत म्हणाले. आणि जेव्हा वज्जींमध्ये आपसात संशय पेरला गेला, तेव्हा अजातशत्रूला त्यांच्यावर वेगळा विजय मिळविण्याची गरजच उरली नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी याच धाग्याकडे बोट दाखविले होते. भिक्षुसंघात ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम होते, ही आठवण त्यांनी देशाला करून दिली. त्याच भाषणात व्यक्तिपूजा ही राजकारणात हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे असा इशाराही दिला. सिंगूची कथा वाचली की या इशाऱ्याचा अर्थ नीट कळतो. व्यक्ती चांगली असली तरी तिच्या चांगुलपणावर राज्य सोडता येत नाही. ब्रह्मदेशाच्या लोकांना हे दुखणे अजूनही भोगावे लागले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने निवडून आलेले सरकार पाडले आणि त्या बौद्ध भूमीवर पुन्हा रक्त सांडले.

आता थोडे आपल्याविषयी. आम्ही बँकेत कारकुनी करतो. तेथे तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात आणि एकट्याला ती उघडता येत नाही. हे कोणाला अपमानास्पद वाटत नाही. कारण तो नियम माणसावर अविश्वास दाखविण्यासाठी नसून त्याला मोहापासून आणि आळापासून वाचविण्यासाठी आहे. बदली झाली की कार्यभार लिहून दिला जातो, लिहून घेतला जातो. आपल्या समाजाच्या संस्थांत मात्र काय दिसते? विहार उभे राहते, वसतिगृह उभे राहते, जयंतीचा मंडप दिमाखात सजतो. पण पद कोणी सोडावे, कधी सोडावे, हिशेब कोणी कोणाला द्यावा, यावर गट पडतात. ज्याने वीस वर्षे संस्थेसाठी खस्ता खाल्ल्या त्याला तरुण कार्यकर्ता वैरी वाटू लागतो, आणि तरुणाला जुना माणूस अडसर वाटू लागतो. तलवार नसते, म्हणून रक्त सांडत नाही, एवढाच फरक. भय तेच आहे. बाहेर अन्यायाविरुद्ध एकत्र लढणारी माणसे आत एकमेकांच्या सावलीला भितात, ही गोष्ट सिंगूच्या राजवाड्यापेक्षा फार वेगळी नाही.

यावर उपाय मोठा नाही. वेळेवर सभा घ्यावी. ठराव लिहून ठेवावा. पदाची मुदत पाळावी. जाणाऱ्याचा सन्मान करावा आणि येणाऱ्याला सारे समजावून द्यावे. आणि घरी गेल्यावर, जी मृदुता आपण व्यासपीठावर सांगतो ती आपल्या पत्नीशी, सुनेशी, मुलांशी बोलताना आहे काय, हे प्रत्येकाने पाहावे.

शेवटी त्या घंटेची हकिकत सांगून आम्ही थांबतो. १८२४ साली इंग्रजांनी रंगून घेतले आणि श्वेडगॉनवर लष्कराचा तळ दिला. पुढच्या वर्षी सिंगूची घंटा लुटीचा माल म्हणून कलकत्त्याला नेण्याचे ठरले. ती नदीवर आणली आणि जहाजावर चढविताना पाण्यात बुडाली. याआधी १६०८ साली दे ब्रितो या पोर्तुगीजाने श्वेडगॉनवरची धम्मचेती राजाची घंटा अशीच पळविली होती. तीही नदीत बुडाली आणि आजवर सापडलेली नाही. त्यामुळे ही घंटाही गेली असेच सर्वांनी धरले असावे. पण तेथील साध्या माणसांनी पाण्यात उतरून तिच्याखाली बांबू बांधले. एक बांबू तेवीस टन उचलू शकत नाही. पुष्कळ बांबू एकत्र बांधले, तेव्हा ती घंटा पाण्यातून वर आली. लोकांनी ती पुन्हा श्वेडगॉनवर नेऊन टांगली आणि आजही ती तेथे आहे.

राजाने दिलेली घंटा राजाला वाचवू शकली नाही, त्याच्या वंशाला वाचवू शकली नाही. ती वाचली ती लोकांच्या एकत्र बांधलेल्या बळाने. आपली संस्था, आपला धम्म, बाबासाहेबांनी दिलेले संविधान, हे सारे याच बळावर टिकणार आहे. असे बांबू एकत्र बांधण्याचे काम विद्यार्थी मित्रांनी हाती घ्यावे, एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि माझे दोन शब्द संपवितो.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम! जय भारत!